धंदेवाल्यांसाठी भलतीच पुस्तकं

२ सप्टेंबर

आज सकाळचा चहा पिता पिता ताईने दुकान बंद करून टाकलं. म्हणजे कुलूप नाही लावलं, नुसतं सांगितलं. "डिसेंबर संपला की दुकान कव्हरवाल्याला देऊ. मी मुलीकडे राहायला जाईन. तू तुझं बघ." एवढं बोलून उरलेला चहा पिऊन ती मोकळी.

कव्हरवाला म्हणजे आमचा शेजारी. मोबाइलची कव्हरं विकतो. मधली भिंत पाडून त्याला दुकान मोठं करायचंय. येता-जाता आमच्या भिंतीवर टकटक करून बघतो, कलिंगड पिकलंय का बघावं तसा.

तिचा नवरा गेला, मी नवरा केलाच नाही, आणि इतकी वर्षं दोघींचा संसार म्हणजे हे पुस्तकांचं दुकान. खाली दुकान, वर घर. "का गं?" मी विचारलं. म्हणाली, "कंटाळा आला." कंटाळा! हिच्या अर्ध्या पुस्तकांवर जेवणाचे डाग आहेत, कारण घास एका हातात आणि पान दुसऱ्या हातात. हिला म्हणे पुस्तकांचा कंटाळा.

खरं कारण मला ठाऊक आहे. विक्री बसलीय. बाई मानी आहे, तोंडाने कबूल करणार नाही. मी तिला आतून-बाहेरून ओळखते.

तर माझं ठरलंय. आमच्याकडे दाराशी एक फळी आहे, धंदा-विक्री-जाहिरातीच्या पुस्तकांची. अख्ख्या दुकानात तेवढीच काय ती हलते. कोट्यधीश कसं व्हावं, इंटरनेटवर कसं विकावं, सगळे ज्ञानी लोक माझ्याच फळीवर उभे आणि मी गिऱ्हाइकाची वाट बघत रस्त्याकडे तोंड करून बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! उद्यापासून एकेक पुस्तक वाचायला घेणार. हात धुऊन, पान न दुमडता. वाचून झालं की परत फळीवर, नवंकोरं म्हणून.

ही रोजनिशीसुद्धा दुकानातलीच. तपकिरी कापडी बांधणीच्या पेटीभर पडून आहेत, कुत्रं विचारत नाही. एक फोडली.

६ सप्टेंबर

पहिलं पुस्तक संपलं. 'सात दिवसांत सत्तर हजार ग्राहक'. चारशे पानं. लेखक फोटोत हाताची घडी घालून उभा, जसा काही आपण त्याचे पैसे बुडवलेत. सार असं: लोकांना ईमेल पाठवा, आणि पाठवत राहा. संपलं. बाकीची पानं त्याच्या गाडीबद्दल आहेत.

तरी मुद्दा पटला. जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते गोळा करून दर शुक्रवारी एक पत्र पाठवायचं. विषय तोच, जो विकला जातो: ऑनलाइन धंदा करणाऱ्यांनी काय वाचावं. ताईला सांगितलं. म्हणाली, "लिही. पण पाठवायच्या आधी मला वाचून दाखव. कानाला कसं लागतं ते कळायला हवं." तुम्हाला सांगते, हीच गोष्ट दुसऱ्या पुस्तकाच्या नव्वदाव्या पानावर आहे, ठळक अक्षरात. ताईने न वाचता सांगितली. अशी बाई म्हणे कंटाळली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पहिलं पत्र गेलं. मी खोटं लिहू शकत नाही, हा माझा जुना रोग. लिहिलं: "'सात दिवसांत सत्तर हजार ग्राहक' वाचलं. ईमेल पाठवा आणि पाठवत राहा, एवढंच सांगतं. गाडी आवडत असेल तर घ्या."

दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस. बाई, झकास! बाई, हसून हसून पुरेवाट! बाई, तुमच्यामुळे पैसे वाचले, घेणारच होतो!

त्या पुस्तकाच्या अकरा प्रती माझ्या फळीवर आहेत.

ताई पोट धरून हसली. किती दिवसांनी हसली. "धाकटे, हा धंदा आहे की समाजसेवा?" म्हणाली. मी रागावले, पण फार नाही.

२० सप्टेंबर

दुसरं पत्र: 'आधी ओरडा, मग विका'. सार: ओरडा. पुन्हा वाहवा, पुन्हा एकही ऑर्डर नाही. पुस्तकांचा रस काढून फुकट वाटणारी जगातली पहिली दुकानदार मीच असेन. चोथा माझ्याकडे, रस लोकांकडे.

२४ सप्टेंबर

तिसरं पुस्तक म्हणतं, आपलं गिऱ्हाईक नीट ओळखा. त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा: वय काय, झोप लागते का, कशाला घाबरतं, काय लपवतं. "तुमच्या समोर बसलेला माणूस तुम्ही खरोखर पाहिला आहे का?" असं पानभर मोठ्या अक्षरात. मी दिवसभर त्यावर खपले. एक काल्पनिक गिऱ्हाईक तयार केलं: चाळिशीचा, स्वतःचा छोटा धंदा, पोट सुटलेलं, रात्री झोप नाही, बायकोला सांगत नाही.

मी हे लिहीत होते आणि ताई समोर बसून पुस्तकं लावत होती. विषयवार नव्हे हं, उंचीप्रमाणे! जाडी एकीकडे, बारकी एकीकडे, गुळगुळीत वर, खरखरीत खाली. मी ओरडणार होते, पण आठवलं, चाळून ठेवलेल्या चौथ्या पुस्तकात दुकानाच्या मांडणीवर एक अख्खं प्रकरण आहे. नजरेला सुखावणारी मांडणी. ताई चोरून वाचतेय वाटतं माझी पुस्तकं. म्हणजे मनातून तिलाही दुकान वाचवायचंय.

एक मात्र सांगायला हवं. अलीकडे ती माणसाकडे सरळ बघत नाही. मान वळवून, तिरकं बघते. परवा एक बाई पुस्तक न घेताच गेली. "तुमच्या ताई माझ्याकडे चोरटी असल्यासारखं बघतात," म्हणाली. गिऱ्हाइकाशी नजर मिळवावी, असं सगळ्या पुस्तकांत आहे. सांगायला हवं तिला.

२८ सप्टेंबर

आज भांडण झालं. दुपारी मी मागच्या खोलीत खोकी फोडत होते तेव्हा फिल्टरवाला येऊन गेला. हा पाण्याचे फिल्टर ऑनलाइन विकतो, हाताखाली आठ-दहा विक्रेते, महिन्याला एक पुस्तक नेतो आणि दर महिन्याला जास्त खचतो. त्याने हाताखालच्या माणसांना वळण लावायचं पुस्तक मागितलं. ताईने दिलं. संध्याकाळी मी फळी बघितली तर ते पुस्तक जागेवरच! आणि त्याच्या शेजारी भोक. नेलं काय, तर 'बाळाला शी-शूची सवय लावताना'.

"ताई, अगं, काय दिलंस त्याला?"

ती मान वर करून म्हणाली, "जे द्यायचं तेच दिलं."

"शी-शूचं?"

"हो. मुद्दाम दिलं. त्याला तेच हवंय." आणि वर निघून गेली. जिन्याच्या पहिल्या पायरीला ठेच लागली तिला, तर मलाच बोलली, "इथे खोकं कुणी ठेवलं?" खोकं नव्हतंच. इतका राग बरा नव्हे.

९ ऑक्टोबर

फिल्टरवाला आला. मी पुस्तक बदलून द्यायच्या तयारीने माफीचं तोंड करून उभी. तर हा दारातूनच, "ताई कुठायत? ताईंना आधी नमस्कार करू द्या."

मला वाटलं टोमणा मारतोय. तर नाही हो! खुर्चीवर बसला आणि बोलायलाच लागला. "सुरुवातीला मला रागच आला. म्हटलं, थट्टा केली आपली. मग रात्री सहज उघडलं. त्यात लिहिलंय, सांडलं तर ओरडू नका, ओरडलात की मूल लपवायला शिकतं. बाई, माझी माणसं हेच करतात! ऑर्डर बुडाली की लपवतात. मग लिहिलंय, वेळेवर सांगितलं तर टाळ्या वाजवा. मी सोमवारी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा बावरले. आता ऑर्डर बुडायच्या आधी येऊन सांगतात!"

ताईने त्याच्या कानाकडे बघत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोठ्यांचं आणि बाळांचं फार वेगळं नसतं."

इतकी वर्षं मी हिच्या शेजारी बसते आणि हिच्या डोक्यात हे चाललेलं मला पत्ताच नाही!

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आजच्या पत्राचं नाव: 'धंदेवाल्यांसाठी भलतीच पुस्तकं'. काल ताईला धंद्यातली एकेक अडचण सांगून फळीवरून पुस्तकं काढायला लावली. लिहिलं की आमच्या ताई धंद्याच्या माणसाला धंद्याचं पुस्तक देत नाहीत. हाताखाली माणसं असतील तर शी-शूचं पुस्तक घ्या. जाहिरात करायची असेल तर गळ टाकून मासे धरायचं घ्या. गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर मधमाश्या पाळायचं घ्या. भागीदारीत असाल तर जुळ्या मुलांचं. सार सांगणार नाही, कारण मला कळलेलं नाही. ताईंना कळलंय.

संध्याकाळपर्यंत ऑर्डरी. खऱ्या! धूळ खात पडलेली पुस्तकं चालली. मासेमारीचं तर आम्ही कुणाकडून आणलं तेही आठवत नाही.

पाठवण्याआधी ताईला वाचून दाखवलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "माझं नाव कशाला घालतेस त्यात?" मोठी माणसं अशीच, कौतुक नको असतं.

१९ ऑक्टोबर

पत्राला आता इतके वाचक झालेत की मी मोजायचं सोडून दिलं. लोक दुकानात येऊन म्हणतात, "ताईंना विचारायचंय." ताई मान तिरकी करून दोन प्रश्न विचारते, उठते, फळीवरून बोटं फिरवत जाते, मध्येच थांबते आणि एक पुस्तक काढून देते. कपड्यांची ऑनलाइन विक्री करणाऱ्या पोरीला अपघातातले प्रथमोपचार. एका गुंतवणूक सल्लागाराला भूतकथा. लोक घेऊन जातात, डोकं खाजवतात आणि आठवड्याने परत येऊन पाया पडायचंच बाकी ठेवतात. मला वाटतं, माणसाला कुठलंही पुस्तक दिलं आणि ते तुझ्यासाठीच आहे असं सांगितलं की तो त्यात स्वतःला शोधतो. पण हे मी पत्रात लिहिणार नाही. मी सुधारलेय.

कव्हरवाला आला होता. चेहरा पडलेला. "गर्दी असते हल्ली," म्हणाला. मी भिंतीवर टकटक केली आणि म्हटलं, "पक्की आहे."

तरी रात्री जेवताना ताई म्हणाली, "डिसेंबरचं लक्षात आहे ना?"

२३ ऑक्टोबर

भाचीचा फोन. ताई वर झोपली होती. "मावशी, आईचं आणि तुझं भांडण झालंय का?"

"नाही गं. का?"

"मग ती इकडे का येतेय? मी विचारलं तर म्हणते, 'मला एक खोली दे, पुस्तकं वगैरे नकोत.' आई आणि पुस्तकं नकोत? खरं सांग, काय केलंस तू?"

मी काय केलं! आता कारटीला काय सांगू, इथे तुझ्या आईला मी रोज डोक्यावर घेऊन नाचतेय. चिडून फोन ठेवला. नंतर बराच वेळ गल्ल्याशी नुसतीच बसून राहिले. भाचीचं सोडा, पण दुकान चालायला लागलं तरी ती जाणारच म्हणत असेल तर कारण विक्री नाही. मग कारण मीच असणार.

२ नोव्हेंबर

तिच्या वाढदिवसाला कादंबरी आणली, तिच्या लाडक्या लेखिकेची नवीन. जाडजूड. तिने हातात घेतली, वजन केलं, कडेवरून बोट फिरवलं आणि वास घेतला. "छान आहे गं," म्हणाली. आवाज असा काही लागला की मला वाटलं रडतेय, पण लगेच म्हणाली, "इतकं बारीक कशाला छापतात मेले." प्लॅस्टिकही काढलं नाही अजून. आठवडा होत आला. उशाशी पडून आहे.

मला फार वाईट वाटलं. हे काही पत्रात लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

१० नोव्हेंबर

नवव्या पुस्तकात उपाय सापडला. 'चेहरा दाखवा, विश्वास कमवा'. लाइव्ह व्हिडिओ करायचा. ताई काउंटरवर बसून मधमाश्यांच्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवेल. आपलं कौतुक डोळ्यांनी बघेल आणि जायचं विसरेल. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग नाही नाही म्हणाली, मग भांडली.

"तुला काय जड आहे? एक पान वाचायचं!"

"मला नाही जमणार."

"अख्खं आयुष्य दुसरं केलंयस काय?"

शेवटी म्हणाली, "ठीक. एकदाच. पण मग मला सुखाने जाऊ दे. अडवायचं नाही."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, बघू.

१५ नोव्हेंबर

तयारी जोरात. पण ही बाई मला वेड लावणार. तेच पान मी तिला वाचून दाखवायचं, पुन्हा पुन्हा. "उच्चार बघू." "आता जरा सावकाश." "आता शेवटचं." माझा घसा बसला. "अगं, वाचायचंय तुला, मला का राबवतेस?" म्हटलं तर हसली आणि म्हणाली, "तुझ्या आवाजात बरं वाटतं."

पुन्हा वाचलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. ताईला चांगली साडी, काउंटरवर दिवा. मी समोर मोबाइल धरून. आकडा वाढत होता, लोक नमस्कार ताई, नमस्कार ताई लिहीत होते. मी मानेने खूण केली. तिला कळली नाही. मग तोंडाने म्हटलं, "कर सुरू."

तिने काउंटरवरचं तपकिरी पुस्तक हातात घेतलं, खूण घातलेलं पान शोधलं, मान किंचित वळवली आणि वाचायला लागली. "पोळ्याजवळ जाताना घाई करू नये. माशीला घाईचा वास येतो." काय आवाज! मी खूश. चार ओळी झाल्या, पाच झाल्या, आणि ती अडखळली. थांबली. मोबाइलमधली माणसंही थांबल्यासारखी वाटली. मग तिने पान उलटलं आणि पुढे निघाली:

"गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हा त्याला काय हवंय हे त्याला माहीत नसतं. त्याच्या पावलांना माहीत असतं. ज्याला विकत घ्यायचंय त्याचं पाऊल सरळ येतं. ज्याला लाज वाटते ते आधी दाराशी घुटमळतं, मग फळीच्या कडेकडेने येतं. ज्याचं माणूस गेलंय ते मधोमध येऊन उभं राहतं आणि पुढे काय करायचं ते विसरतं. त्याला पुस्तक विचारू नये. आधी खुर्ची द्यावी."

माझ्या मनात आलं, माश्या कुठे गेल्या? ते पान मला आता पाठ होतं, त्यात खुर्ची नव्हती. ती वाचतच होती, नजर एका बाजूला, बोट ओळीखालून चाललेलं. मी जवळ गेले. बोट होतं, ओळ नव्हती.

कोरी होती. आमच्या पेटीतली तपकिरी कापडी रोजनिशी. मधमाश्यांचं पुस्तक शेजारीच पडलं होतं, तेवढंच, त्याच रंगाचं. खुणेची पट्टी दोन्हींत होती, कारण रोजनिश्यांना ती आतच शिवलेली असते.

बघायला वाकले तसा हातातला कॅमेराही खाली गेला, अगदी पानावर. सगळ्यांनी बघितलं. ताई तेव्हाही वाचत होती.

मोबाइलवर नुसता धुमाकूळ. कोरं पुस्तक! वा ताई! आपलं पुस्तक आपणच लिहायचं! केवढा अर्थ! फिल्टरवाल्याने लिहिलं, "पन्नास हवीत, सगळ्या स्टाफला."

मी बंद केलं. ती म्हणाली, "झालं का गं बरोबर?"

"फार छान झालं," मी म्हटलं.

१७ नोव्हेंबर

उंचीप्रमाणे लावलेली पुस्तकं. न फोडलेली कादंबरी. नसलेलं खोकं. माझा आवाज. दिवसभर एकेक आठवत राहतंय आणि दर वेळी कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं होतंय.

१८ नोव्हेंबर

सकाळी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "ताई, माझं तोंड दिसतं का तुला?"

तिने कप चाचपून जवळ ओढला. "कान दिसतात," म्हणाली. "सरळ बघितलं की मध्ये राखाडी डाग. कडेकडेचं दिसतं. तुझे कान, केस, मागचं कॅलेंडर. तोंड नाही दिसत." मग म्हणाली, "त्यात फार तोटा नाही म्हणा."

मी हसले. हसता हसता रडायला लागले, ती रागावली, मग तीही रडली. चहा गार झाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. एका डोळ्याचं जे उरलंय ते इंजेक्शनं देऊन टिकवता येईल, गेलेलं परत येणार नाही. "जरा आधी आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या.

रिक्षात विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? काउंटरवरून उठवून कोपऱ्यात बसवलं असतंस. येणाऱ्या-जाणाऱ्याला कुजबुजून सांगितलं असतंस. आणि तसंही..." थोडं थांबून म्हणाली, "पुस्तकांमध्ये बसायचं आणि एकही वाचता येत नाही. रोज सोसवत नाही गं मला. मुलीकडे निदान समोर तरी नसतील."

"आणि ते शी-शूचं?"

"हाताला तेवढंच लागलं. दोन्ही बारकी, गुळगुळीत. चूक झाली आणि तू ओरडलीस, म्हणून मुद्दाम म्हटलं." मग हळूच, "नंतरची सगळीही तशीच. बोटाला येईल ते."

भूतकथा! प्रथमोपचार! मी रिक्षात इतकी हसले की रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

२६ नोव्हेंबर

रोजनिश्यांची अख्खी पेटी संपली. कुत्रं विचारत नव्हतं, आता आणखी मागवाव्या लागल्या. फिल्टरवाल्याचे तीनदा फोन आले. लोकांना खरं सांगावं का, असं ताईला विचारलं. ती म्हणाली, "शुक्रवारच्या पत्रात लिही. खोटं तुला कुठे जमतं?" लिहिलं, सरळ: ताईंना दिसत नाही, पुस्तकं चुकून जात होती. वाटलं, आता सगळे परत करायला येणार. परत करण्याबद्दल एकच उत्तर आलं, त्या कपड्यावाल्या पोरीचं. "प्रथमोपचाराचं पुस्तक परत देणार नाही. ताईंना विचारा, पुढचं कुठलं चुकून द्याल?"

दुकानाचं निभावलं. ताईचं नाही. तिने बॅग काढलीय माळ्यावरून.

८ डिसेंबर

आज मी सगळी धंद्याची पुस्तकं बाजूला ठेवून माझ्या डोक्याने बोलले. "जाऊ नकोस," म्हटलं.

"इथे मी काय करू?"

"चुका कर. आपला धंदाच तुझ्या चुकांवर चाललाय."

"चेष्टा नको."

"चेष्टा करत नाही. तू गेलीस तर मी एकटी पडेन. मला नाही जमणार तुझ्याशिवाय." बस, बोलून टाकलं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

ती माझ्या कानाकडे बघत बसली.

दुपारी दुकान रिकामं असताना मी तिची ती कादंबरी फोडली आणि वाचायला सुरुवात केली. पानभर झालं नसेल तर म्हणाली, "फार वर्णन करते ही हल्ली. दोन ओळींत सांग." मी सांगितलं. "आता ओळ न् ओळ वाच," म्हणाली. बॅग मात्र जिन्यापाशी तशीच आहे.

२० डिसेंबर

आज दुपारी म्हणाली, "तू रोज काय खरडतेस ते वाच."

"ते खासगी आहे."

"मला कुठे दिसतंय?"

वाचलं. पहिल्या पानापासून. एकही ओळ गाळली नाही, गाळावीशी फार वाटली. कलिंगडाला ती हसली. "मी तिला आतून-बाहेरून ओळखते" म्हटल्यावर हं केलं. मग फळी उंचीप्रमाणे लावली ते आलं, आणि ती चोरून पुस्तकं वाचतेय असं मला वाटलं ते आलं, तिरक्या नजरेबद्दल तिला सांगायला हवं ते आलं. माझा आवाज बारीक होत गेला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"धाकटे," म्हणाली, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधी तुला न्यायला हवं होतं."

खरंच आहे.

तेवढ्यात शटरपाशी पावलं वाजली. ताई न बघता म्हणाली, "कव्हरवाला." तोच. हातात मोजपट्टी, भिंत मोजायला आलेला. "ताई, तारीख जवळ आली, म्हटलं माप घेऊन ठेवावं."

मी ताईकडे बघितलं. ती मला म्हणाली, "पुढे वाच."

"संपलं. पुढे कोरं आहे."

"मग दे इकडे. कोरं मला येतं वाचता."

दिली. तिने पानावर बोट ठेवलं, मान किंचित वळवली आणि व्हिडिओत काढला होता तोच मोठा, स्वच्छ आवाज काढला. "एकवीस डिसेंबर. काल कव्हरवाला मोजपट्टी घेऊन आला होता. धाकटीने त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. बॅग माळ्यावर ठेवली. भिंत आहे तिथेच आहे."

कव्हरवाला माझ्याकडे बघायला लागला. मी चहा टाकायला उठले.